एका बोटाने ओढल्यावर

लिडिया गावितला राग आला की ती ओरडत नाही, शुद्ध मराठी बोलायला लागते. एरवी घरी आईशी मावची, गाडीचा ड्रायव्हर गोवाल याच्याशी अहिराणी आणि डोंगरातून आलेल्या पेशंटशी भिलीची मोडतोड. पण एकदा का तिच्या तोंडून ‘कृपया’ निघालं की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही. त्या सोमवारी नंदुरबारच्या ऑफिसात ती पंख्याखाली बसून हळू आवाजात म्हणाली, “गोवाल, कृपया इकडे या.” गोवाल बिचारा हातातला अर्धा वडा टेबलावर ठेवून पळत आला.

पण आधी ती कोण, ते ऐका. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला चिकटून तिचं गाव. बाप जोसेफ भात लावायचा आणि उरलेले महिने सुरतेला मजुरीला जायचा. पोरीने नर्स व्हावं अशी चर्चमधल्या झाडून सगळ्यांची इच्छा. पोरगी म्हणाली, मला सुया टोचायच्या नाहीत, मला माणसाच्या आतलं बघायचंय. धुळ्याला जाऊन तिने एक्स-रेचा कोर्स केला. आज अडतीस वर्षांची आहे, आणि अकरा वर्षं एका ट्रस्टच्या एक्स-रे गाडीवर आहे. ही गाडी बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांत जाऊन उभी राहते आणि छातीचे फोटो काढते. टीबी शोधायला.

फोटो काढताना गळ्यात धातू चालत नाही. बायकांच्या गळ्यातली चांदी दुसरा कुणी असता तर टेबलावर टाकून मोकळा झाला असता. लिडिया प्रत्येकीची चांदी तिच्याच फडक्यात बांधते आणि तिला दिसेल अशी समोरच्या खुंटीला लावते. म्हाताऱ्याच्या गळ्यातला दोरा काढायचा तर आधी हात जोडते. “श्वास ओढ, धर, सोड” हे तिला चार भाषांत येतं. गर्दीत घुसणाऱ्याला मात्र ती अशी झाडते की तो पुढच्या बाजारालाही शेवटी उभा राहतो.

फोटो पडद्यावर आला की पहिली नजर तिची. संशय वाटला तर ‘शंका’ लिहायचं, मग तो फोटो डॉक्टरकडे जातो. काही नसलं तर ‘साफ’, आणि तशी चिठ्ठी पेशंटच्या गावी जाते. साफ ठरलेला फोटो पुन्हा कुणी उघडून बघत नाही. अकरा वर्षांत तिचं ‘साफ’ एकदाही खोटं ठरलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. का ऐकवू नये? काम तसं होतं.

तर तो सोमवार. महिन्याची शंकावाल्यांची यादी करायची होती. एकोणीस दिवसांपूर्वी मोलगीच्या बाजारात एकसष्ट फोटो काढले होते. त्यातला एक तिच्या डोक्यातून जाईना. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला, गळ्याच्या हाडाच्या आड, चिंचोक्याएवढी पोकळी. काढतानाच दिसली होती. माणूसही आठवत होता. होळ्या वसावे, पन्नाशी उलटलेला, मोलगीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरचा. दोन महिन्यांचा खोकला. जाताना त्याने विचारलं होतं, “बाई, घरात नात झाली आहे. तिला घेऊ का?” लिडियाने डोळे वटारून सांगितलं होतं, “चिठ्ठी साफ आल्याशिवाय नातीच्या जवळ जायचं नाही, होळ्यादादा. शेतातल्या झोपडीत निजा.” म्हातारा मान डोलावून गेला होता.

यादीत होळ्या नव्हता.

तिने माऊस घेतला, त्या बाजाराच्या सगळ्या नावांतून होळ्याचं नाव उघडलं. पोकळी जिथल्या तिथे. खाली शब्द होता ‘साफ’, आणि त्याच्या शेजारी लिडिया गावित. चिठ्ठी केव्हाच गावात पोचली असणार. आणि चिठ्ठी आल्यावर म्हाताऱ्याने काय केलं असेल हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? तिनेच तर सांगून ठेवलं होतं.

हे झालं कसं? दोन महिन्यांपूर्वी गाडीवर नवा लॅपटॉप आला होता, बोटाने चालणारा. जुन्यावर माऊस होता. डावं बटण दाबून ओढलं की फोटो सरकायचा, उजवं दाबून ओढलं की काळं-पांढरं कमीजास्त व्हायचं, चाक फिरवलं की मोठा. तिच्या हाताला ते इतकं बसलं होतं की झोपेतही केलं असतं. गाडीतल्या टेबलावर माऊसला जेमतेम जागा असायची, म्हणून सगळे म्हणाले, आता बोट वापर, सोपं आहे. सोपं! तिने होळ्याचा फोटो पुन्हा उघडला आणि गळ्याच्या हाडामागचं नीट बघायला बोटाने खाली ओढायला गेली. बोट जरासं तिरपं गेलं. फोटो सरकला नाही. फोटो बदलला. स्वच्छ, निरोगी फुप्फुसं समोर आली. आणि डोक्यावर नाव? होळ्या वसावे.

आता हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. होळीच्या दिवसांत जन्मला तो होळ्या. एका पाड्यावर तीन-तीन होळ्या सापडतात, आणि बाजाराला आले की एकमेकांच्या संगतीनेच रांगेत उभे राहतात. म्हाताऱ्याच्या मागे त्याच्याच पाड्यावरचा, तिशीतला, धडधाकट होळ्या वसावे उभा होता. अर्जात दोघांच्या बापांची नावं वेगळी लिहिलेली, पण पडद्यावर जागा पुरत नाही म्हणून बापाचं नाव उडवलेलं. नंबर होता, तळाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढा. फोटो पुढच्या माणसाचा झाला तरी ‘शंका’ आणि ‘साफ’ची बटणं आधीच्याच माणसाला चिकटून राहिली. त्या संध्याकाळी सगळ्या फोटोंवर शेरे लिहिता लिहिता डोळे शिणले होते. स्वच्छ छाती बघून तिला वाटलं, पोकळी दुसऱ्या कुणाची असेल, आपणच घोळ घालतोय. आणि दाबलं ‘साफ’.

गोवाल समोर उभाच होता. तो मोलगीकडचाच. होळ्याचा पाडा त्याला ठाऊक. तिथे फोन लागत नाही, आणि मोलगीत निरोप ठेवला तरी कोण कधी वर चढेल याचा भरवसा नाही. गाडी दुरुस्तीला उघडून ठेवलेली, संध्याकाळपर्यंत हलणार नव्हती. “उद्या पहाटे निघू, ताई,” तो म्हणाला. तोवर लिडियाने माऊस घेऊन त्या दिवसाचे एकसष्टच्या एकसष्ट फोटो पुन्हा तपासले. दुसरी चूक सापडली नाही. तेवढंच.

मग तिने व्यवस्थापक गिरधरभाऊंना फोन लावला. सगळं ऐकून ते गोड आवाजात म्हणाले, “लिडियाबाई, एवढं काय त्यात? ‘फोटो पुसट आला, पुन्हा काढायचा आहे’ असं सांगून बोलावून घ्या त्याला. कशाला नसतं खाजवून खरूज काढायची?”

“फोटो पुसट नाही, भाऊ. फोटो उत्तम आहे.”

“मग लिहून द्या, तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं. मी फायलीला लावतो, विषय संपला.”

“कृपया ऐका,” लिडिया म्हणाली. “मी निष्काळजी नाही. अकरा वर्षं डोंगर चढतेय. एकाच हालचालीचे दोन अर्थ करून ठेवलेत तुम्ही लोकांनी. माऊसने ओढलं की फोटो सरकतो आणि बोटाने ओढलं की माणूस बदलतो! मी लिहून दिलं की तुमची फाईल बंद होईल, आणि पुढच्या बाजारात पुन्हा हेच होईल. मी नाही लिहीत.” आणि तिने फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

फोटो बघायचं ते सॉफ्टवेअर गाडीवर बसवून दिलं होतं अंकितने. अंकित म्हणजे बाजारपेठेतल्या नथमलशेटचा मुलगा. आजोबा राजस्थानातून येऊन कापड विकायचे, बापाने रेडिओ-टीव्ही विकले, पोरगा कॉम्प्युटर विकतो. मुलगा हुशार, पण अर्धं काम झालं की उरलेलं अर्धं झाल्यासारखंच धरून चालणारा. भर दुपारी लिडिया लॅपटॉप काखेत मारून दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांच्या मधोमध काउंटरवर तो उघडून ठेवला.

अंकितने सगळं ऐकलं आणि खांदे उडवले. “ताई, मी काय करू? फोटो दाखाडाना कंट्रोल रेडीमेड शे. मी तो फक्त आपला प्रोग्राममा बसाडेल शे. आनि मोबाइलमा बी आसंच शे ना? बोट फिरवं का पुढला फोटो येस.”

“मोबाइलमध्ये तुझ्या लग्नाचे फोटो असतात. इथे माणसं आहेत.”

“सगळ्यासले जमस, ताई. तुमलेच कसं नही जमनं?” आणि मग त्या शहाण्याने हसत हसत पुढचं वाक्य टाकलं, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

दुकानात दोघंतिघं हसले. लिडियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने अंकितकडे पाहिलंच नाही. गादीवर हिशेब सोडून पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्या नथमलशेटकडे वळून ती म्हणाली, “शेटजी, कृपया जरा इकडे येता?”

शेटजी चष्मा सावरत आले. तिने त्यांच्यापुढे होळ्याचा फोटो उघडला. “नाव वाचा.”

“होळ्या वसावे.”

“आता हा फोटो बोटाने जरा बाजूला सरकवा.”

शेटजींनी जपून बोट ओढलं. पडद्यावर काहीतरी झर्रकन गेलं.

“आता कोण आहे?”

“वोही तो है. होळ्या वसावे.”

“तोच आहे? नक्की? सही करून देता, शेटजी? या माणसाला काही झालेलं नाही, याने खुशाल नातीला घेऊन निजावं, अशी सही?”

शेटजी वाकून बघत राहिले. मागे ओढलं, पुन्हा पुढे ओढलं. तिसऱ्यांदा त्यांना तळाचा नंबर दिसला. त्यांनी चष्मा काढला. दुकानातलं हसणं कधीच थांबलं होतं.

“अंकित,” ते म्हणाले, “ये अभी के अभी बदल.”

“पप्पा, तो लोचा मोठा शे, कंपनीले विचारनं पडी...”

“बदल!”

अंकितने तोंड पाडून कुठलंसं पान उघडलं. लिडिया त्याच्या खांद्यावरून बघत होती. पानावर दोन रकाने. एकावर माऊस, एकावर बोट. माऊसच्या रकान्यात डावं बटण, उजवं बटण, चाक, प्रत्येकापुढे त्याने तिला विचारून विचारून नेमलेलं काम. ते त्याने केलं होतं, नाही कसं म्हणावं? बोटाच्या रकान्यात मात्र काही बदललेलंच नव्हतं. जसं आलं तसं. एक बोट ओढल्यावर: पुढचा फोटो. त्याने तिथे टिचकी मारली. खाली छोटी यादी उलगडली. त्यात चौथ्या ओळीवर होतं, फोटो सरकवणे. त्याने ते निवडलं आणि सेव्ह केलं.

“झालं,” तो म्हणाला.

“झालं?”

“हा. आते एक बोटवर फोटो फक्त सरकी. पुढला पेशंट पाहिजे तर बटन दाबनं पडी.”

लिडियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “किती वेळ लागला रे? दहा सेकंद? मेल्या, दहा सेकंदांचं काम होतं हे! एवढंच होतं? आणि तू मला नाच शिकवतोस? अरे, तुझ्या त्या रकान्यात एक माणूस मरायला पडलाय!” तिचं शुद्ध मराठी सुटलं आणि मग मावचीत काय काय निघालं, ते तिथे कुणाला कळलं नाही हे बरंच झालं. अंकितचे कान लाल झाले होते. तो खालमानेने म्हणाला, “बापाचं नाव बी वर टाकी देस, ताई. मोठा अक्षरमा.” आणि त्याने तेही केलं. त्याला मात्र दोन तास लागले. लिडिया तेवढा वेळ काउंटरला टेकून उभी राहिली. शेटजींनी दोनदा चहा मागवला, तिने दोन्हीदा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली. तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट. वळणावळणावर लिडिया मनातल्या मनात म्हणत होती, म्हाताऱ्याला काय सांगायचं, कसं सांगायचं. सगळं सांगायचं. पुसट फोटोची थाप मारायची नाही. लॅपटॉप नवा होता. आधी माऊस होता. डाव्या बटणाचा अर्थ हा होता आणि एका बोटाचा अर्थ तो निघाला. नाव सारखं होतं. बापाचं नाव उडवलं होतं. बटणं आधीच्याच माणसाला चिकटून होती. अंकितने रकाना तसाच सोडला होता. एकेक मुद्दा तिने ओळीने लावला. सगळे खरे होते. गोवालने मध्ये दोनदा विचारलं, “ताई, काय खाशी का?” तिने मुद्दे पहिल्यापासून पुन्हा मोजले.

मोलगीच्या पुढे रस्ता संपला तिथे गाडी ठेवून दोघं वर चढले. पाड्यावर ऊन आलं होतं. होळ्याच्या घराच्या पडवीत त्याची बायको रेवाबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. होळ्या खाटेवर बसला होता. त्याच्या मांडीवर तीन महिन्यांची नात. तो तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी गुणगुणत होता, मध्येच खोकत होता, पुन्हा गुणगुणत होता.

लिडिया पायरीवरच थांबली.

“बाई आली!” होळ्या हसला. त्याला मोलगीच्या बाजाराची मराठी येत होती. “चिठ्ठी भेटली, बाई. साफ. मी ठेवली आहे.” त्याने कनवटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली चिठ्ठी काढून दाखवली. “चिठ्ठी आली त्याच दिवशी घरात आलो. ही माझ्याजवळच निजते आता.”

“होळ्यादादा, चिठ्ठी चुकली आहे,” लिडिया म्हणाली. “तो फोटो तुमचा नव्हता. तुमच्या छातीत दुखणं दिसतंय. थुंकी तपासायची, औषध लगेच सुरू करायचं. बाळालाही खाली डॉक्टरकडे न्यायचं. आजच.”

होळ्याला नीट कळलं नाही असं वाटून गोवालने तेच भिलीत सांगितलं. रेवाबाईच्या हातातली पाटी खाली आली. ती उठली आणि लिडियाच्या अंगावर धावून आली. ती जे बोलली त्यातलं सगळं लिडियाला कळलं. चिठ्ठी येईपर्यंत तिने झोपडीत भाकर पोचवली होती, लांबून, दगडावर ठेवून. म्हातारा रोज विचारायचा, पोरगी हसते का. तुझ्या कागदावर आम्ही त्याला आत घेतलं. आता म्हणतेस कागद खोटा? गोवाल मध्ये पडायला गेला तर तिने त्याला ढकलून दिलं.

लिडियाने तोंड उघडलं. आता सांगायचं होतं. डावं बटण, एक बोट, दोन रकाने, सारखं नाव.

होळ्याने हात वर करून रेवाबाईला गप्प केलं. त्याने खोकला आवरला, तोंड पलीकडे फिरवलं, आणि मगच लिडियाकडे बघून शांतपणे विचारलं, “चुकलं ते यंत्र चुकलं का माणूस?”

लिडिया पायरी चढून पडवीत आली.

“सांग ना, बाई. साफ कोणी लिहिलं?”

पाड्यावर कुठेतरी कोंबडा ओरडत होता. गोवाल पायाने माती उकरत उभा होता. लिडियाने घाटभर लावून आणलेल्या मुद्द्यांतला एकही मुद्दा तिच्या जिभेवर आला नाही.

“मी,” ती म्हणाली. “माझं बोट होतं. मी लिहिलं.”

होळ्याने प्लॅस्टिकची पिशवी खाटेवर ठेवली, नातीला दोन्ही हातांनी उचललं, अंगापासून लांब धरलं आणि खाटेवरून उतरून लिडियापुढे येऊन उभा राहिला. रेवाबाईने हात पुढे केले. त्याने तिला दिलं नाही.

“तू लिहिलं ना? मग तूच धर आता,” तो म्हणाला. “मी नाही धरणार.”

त्याने बाळ लिडियाच्या हातांत ठेवलं, खाटेवरची गोधडी ओढून खांद्यावर टाकली आणि मागे वळून न बघता शेताच्या वाटेला लागला.